आतला हात

पोचा नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. हे आदगोंडा मगदूमला कळलं तेव्हा त्याच्या बायकोच्या डाव्या खांद्यावर आमटीची वाटी बसेल एवढा खळगा पडलेला होता, आणि ती तो आरशात बघत उभी होती.

सकाळीच त्याने गाडीच्या डाव्या मडगार्डातला पोचा काढला होता. जुना, खोल, एका कडेला घडी पडलेला. कधीतरी बैलगाडीचं जू लागलं असणार. तोच खळगा, तीच कडेची घडी, आता कांचनच्या खांद्यावर होती. कातडी फाटलेली नव्हती, रक्त नव्हतं. पत्रा आत जावा तसा खांदा आत गेला होता.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"न्हाई," कांचन म्हणाली. "उलट पदर घसरायचा थांबला. इतकी वर्षं पिन लावत हुतो."

कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी ती 'लावतो', 'जातो', 'येतो' असंच बोलायची.

"डॉक्टरला दाखवायचं का?"

"काय सांगायचं त्यास्नी? मडगार्डचा पोचा आलाय म्हणून?"

हे बरोबर होतं. दोघांनी चहा घेतला आणि पुन्हा कामाला लागले. उजव्या मडगार्डातही एक पोचा होता.

आदगोंडा जातिवंत डेंटर. उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत लोकांच्या ठोकरलेल्या गाड्या सरळ करण्यात त्याचं आयुष्य गेलं. हात चालेनासा व्हायच्या आत एक गाडी स्वतःसाठी बांधायची, एवढं त्याच्या मनात होतं. दुकान बंद केलं आणि कागलकडच्या एका गोठ्यातून त्याने एक जुनी कूपे उचलून आणली. इंग्रजांच्या काळातली, दोन दारांची, दोघांपुरती. आत कडबा भरलेला, आणि म्हशींनी अंग घासून घासून एका बाजूचा पत्रा पार आत ढकललेला. ती जशी होती तशी त्याला करायची नव्हती. स्पेअर पार्टच्या एका दुकानात त्याने फार पूर्वी परदेशी कॅलेंडरवर एक गाडी पाहिली होती. टप खाली दाबलेला, बोनेट लांबलचक, इंजिन उघडं, आणि बाहेरून एक खाच नाही, एक मूठ नाही, दाराची रेघसुद्धा नाही. पत्र्याची नव्हे, पाण्याची केल्यासारखी. तशी करायची होती. जीपचं इंजिन मिळालं, चाकं मिळाली. गाडी आत घ्यायला फाटक पुरेना, तेव्हा त्याने मागच्या खोलीची भिंत पाडली. ती खोली पद्मजाची, त्याच्या मुलीची. तिचं लग्न होऊन ती बेळगावला गेली होती, खोली रिकामीच पडली होती. ती शाळेची पिशवी जिथे अडकवायची त्या खुंटीवर आता ग्राइंडर लटकत होता.

पत्र्याच्या कामाला दोन बाजू असतात. बाहेरून हातोडी पडते, तेव्हा आतून कुणाला तरी डॉली धरावी लागते. डॉली म्हणजे मुठीत मावेल असा गुळगुळीत, जड लोखंडी ठोकळा. दोन्हींच्या मधे सापडला की पत्रा वठणीवर येतो. डॉली नसेल तर प्रत्येक घाव हा नवा पोचा. हात पोचेल तिथे एकट्याचं भागतं, पण मोठ्या पत्र्याला आत माणूस बसवावाच लागतो. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात हाताखालचा माणूस काम सोडून गेला आणि एका टेम्पोचं काम अडलं, तेव्हा कांचन पदर खोचून आत शिरली. शिरली ती शिरलीच. घाव कुठे पडणार हे तिला आधी कळायचं. हातोडी वर जायच्या आत तिची डॉली त्या जागी येऊन थांबलेली असायची. गल्लीत म्हणायचे, मगदूमाला तीन हात आहेत, आणि तिसरा जास्त हुशार आहे.

त्यांचा संसारही असाच झाला. समोरासमोर बसलं की दोघांना बोलणं सुचत नसे. मधे पत्रा आला की बोलणं निघायचं. पद्मजाचं नाव एका मेटाडोरच्या पाठीतून ठरलं. तिला बेळगावला द्यायचं का नाही, हे एका बसच्या बाजूवर ठरलं. तो 'नको' म्हणून घाव घालायचा, ती 'का नको' म्हणून डॉली ठेवायची. बस सरळ झाली तेव्हा लग्नही ठरलेलं होतं.

*आतून*

"पद्मजाचा फोन आला हुता."

ठक.

"काय म्हणती?"

"आई, कधी येतीस म्हणती. दिवस भरत आले."

ठक. ठक.

"पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तिनंच यावं की."

"कुठं यावं? तिच्या खोलीत आपण बसलोय."

जरा वेळ ठक नाही.

"मग तू जा."

"जाणारच हाय. तिच्या सासूबाईस्नी डोळ्यानं दिसत न्हाई. पोरगी एकटी पडंल. एवढी उजवी बाजू झाली की जातो."

"आणि टप कोण धरणार?"

"टपाचं टपाला बघू."

ठक.

"जरा खाली घ्या. हां, तिथं."

*बाहेरून*

उजवी बाजू म्हशींची होती, म्हणून तिला वेळ लागला. रोज एक-दोन पोचे निघायचे आणि रोज एक-दोन कांचनवर उतरायचे. दंडावर, पाठीवर, मांडीवर. ती अंघोळ करून यायची आणि शेंगा कशा भरल्यात सांगावं तसं सांगायची, आज कमरेत एक आलाय, लांबुडका. तिने पिशवी भरून उंबऱ्याशी ठेवली होती. डिंक, अळीव, जुन्या सुती लुगड्यांची धुऊन धुऊन मऊ केलेली फडकी. आत जाताना ती पिशवी ओलांडायची, बाहेर येताना पुन्हा ओलांडायची.

एकदा दस्तगीर पेंटर येऊन गेला. आदगोंडाने सरळ केलेल्या गाड्यांना रंग द्यायचा तो दस्तगीरने, हे कैक वर्षांचं ठरलेलं.

"मिस्त्री, रंग डब्यात वाळून चाललाय," तो म्हणाला. "मला कधी देताय गाडी?"

"होईल."

"होईल म्हणून माझी दाढी पिकली." त्याने बोनेटवर तळहात फिरवला, डोळे मिटून, आणि मान हलवली. "ह्यावर रंग मारायचा म्हणजे पाप हाय. पोरीच्या गालावर चुना फासल्यागत."

तो तिथेच उभा होता तेव्हा आदगोंडाने बोनेटमधला अंगठ्याएवढा एक पोचा वर घेतला. तो दस्तगीरच्या कपाळावर पडला. दस्तगीरने चाचपलं, बाहेर जाऊन स्कूटरच्या आरशात बघितलं आणि परत आला.

"ह्यो कुठला?"

"बोनेटचा."

"म्हणजे ओरिजिनल हाय." त्याने पुन्हा चाचपलं. "बायको विचारंल. काय सांगू?"

"मगदूमाकडं गेलो होतो म्हण."

"मग ती काय विचारायची न्हाई."

आतून कांचन हसली. पत्र्यातून तिचं हसू गोल होऊन बाहेर यायचं.

दुसऱ्या दिवशी आदगोंडाने बाजारातून लाल भोपळा आणला आणि गाडीला टेकवून ठेवला. भोपळा जसाच्या तसा राहिला, पोचा कांचनच्या मनगटावर उतरला. त्याने भुशाचं पोतं लावून बघितलं, पितळेची हंडी लावून बघितली. शेवटी स्वतः पत्र्याला छाती लावली आणि हात वाकडा करून घाव घातला. कांचनच्या छातीत पोचा पडला. त्याने अनेक तऱ्हा केल्या. पोचा त्याच्याकडे आला नाही. हातोडी ज्याच्या हातात, त्याच्याकडे तो जातच नव्हता.

त्या संध्याकाळी तो दूध आणायला गल्लीत बाहेर पडला आणि चालता चालता थांबला. समोर कट्ट्यावर तवनाप्पा बसला होता. तवनाप्पा गेली वीस वर्षं वाकून चालतो, सगळ्यांना माहीत आहे. आज आदगोंडाला त्याच्या पाठीत एका अ‍ॅम्बॅसिडरचं मागचं मडगार्ड ओळखू आलं. तो पोचा त्याने स्वतः काढला होता. झाडाला लागलेला होता, साल पत्र्यात रुतून बसली होती. तवनाप्पाच्या पाठीवर सदऱ्याखाली सालीच्याच रेघा असणार. दूध घालणाऱ्या बाईचा जबडा म्हणजे एका टेम्पोचा बंपर. तिचा नवरा म्हणजे दुधाच्याच गाडीचं दार. पुढे गिरणीपाशी चौघे उभे होते. त्या चौघांत मिळून एक बस होती, घाटात कठड्याला घासलेली. त्याने ती महिनाभर ठोकली होती आणि मालकाने खूश होऊन त्याच्या हातात नारळ ठेवला होता.

"काय मिस्त्री, गाडी कुठवर आली?" त्यांतल्या एकाने विचारलं.

"आली," आदगोंडा म्हणाला.

तो घरी आला. दूध ठेवलं. त्याच्या आईचा शेवटच्या वर्षांतला एक फोटो स्वयंपाकघरात होता, तो त्याने मुद्दाम बघितला नाही.

*बाहेरून*

उजवी बाजू झाली. कांचनने डॉली खाली ठेवली, रांगत बाहेर आली, हातपाय धुतले, केस विंचरले. तिचे केस आता सरळ पडत नव्हते, डोक्याच्या मागे बशीएवढा सपाट भाग झाला होता. तिने लुगडं बदललं. पिशवी उचलली.

आदगोंडाने गाडीच्या पाठीवरून तळहात फिरवला. हा हात फसत नसे. डोळ्याला जे दिसत नाही ते याला दिसायचं. पाठ स्वच्छ होती. काखेपासून काखेपर्यंत स्वच्छ. तळहाताखालून ती तेलासारखी सरकून गेली.

"हितं एक राहिलाय," तो म्हणाला.

कांचनने पिशवी खाली ठेवली. आत शिरली. आतून तिची बोटं पत्र्यावर फिरताना त्याला ऐकू आली.

"मला लागंना झालाय."

"बाहेरून लागतोय."

"व्हय?"

"व्हय."

"मग असंल," ती म्हणाली आणि डॉली धरली.

इतक्या वर्षांत दोघांच्या हातांचं कधी दुमत झालं नव्हतं. त्याने स्वच्छ जागेवर घाव घातला. पत्र्याला काही झालं नाही. कांचनच्या गालावर मात्र, नसलेल्या पोच्याचा पोचा पडला. तो दिसत नव्हता. बोटाला लागत नव्हता. त्या दिवसापासून त्या बाजूने तिला हसू येईना, एवढंच.

ती नंतर बाहेर आली तेव्हा बेळगावची गाडी गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी त्याला डिक्कीजवळ एक सापडला. तिसऱ्या दिवशी दाराखाली. तो रोज तळहात फिरवायचा आणि रोज त्याला स्वच्छ पत्रा लागायचा, आणि तो म्हणायचा, हितं एक हाय. ती गेली म्हणजे घर कसं लागेल हे त्याने एकदा करून बघितलं होतं. ती नळावर गेली असताना त्याने रिकाम्या गाडीवर सहज एक टिचकी मारली. आतून काहीच आलं नाही. टिचकीचा आवाज नुसता आत गेला आणि राहिला.

*आतून*

"फोन आला हुता का?"

"आला होता."

"काय म्हणाली?"

"बरी हाय म्हणाली."

"पाय सुजलेत का विचारलं?"

"विचारलं."

"मग?"

"न्हाई म्हणाली."

"खोटं बोलती ती. तुमच्यावर गेलीया."

ठक.

*बाहेरून*

मग टप घेतला. कॅलेंडरवरच्या गाडीचा टप खाली दाबलेला होता, तेव्हा आदगोंडाने चारी खांब कापले, टप चार बोटं खाली घेतला आणि पुन्हा जोडला. खाली घेताना आतून कुणीतरी तोल धरायला हवा होता. कांचन गुडघे छातीशी घेऊन बसली आणि तिने दोन्ही हातांनी टप झेलला.

"बसतंय का?" त्याने विचारलं.

"मान कलती केली की बसतंय."

मान कलती करायला तिच्या मानेत तोवर नेमकी जागा झाली होती.

त्याने चार पावलं मागे जाऊन बघितलं. कॅलेंडरवरचा टप याहून खाली होता. त्याने आणखी चार बोटं घेतली. आता काचांच्या जागा टपालपेटीच्या तोंडाएवढ्या उरल्या. दारही आता अर्धंच उघडायचं, म्हणून बाहेर येताना कांचनला आधी हात, मग डोकं, मग उरलेलं, असं काढावं लागायचं. एक-दोन दिवस ती तशी आली. पुढे ती म्हणाली, राहू द्या, जेवण हितंच द्या, जाण्यायेण्यात तुमचाच वेळ मोडतोय. तो फटीतून भाकरी आत सरकवायचा. भाकरी घडी करून दिली तर जायची. आमटीचं जरा अवघड होतं.

दाराच्या मुठी त्याने काढल्या आणि भोकं बुजवली. कॅलेंडरवरच्या गाडीला मुठी नव्हत्याच, त्या गाड्यांची दारं आतून तार ओढून उघडतात. त्यानेही आत एक तार लावून दिली. मग दाराची रेघ राहिली. तळहाताला तेवढी एकच रेघ आता टोचत होती. त्याने ती पितळेने भरली, घासली, वर लांबीचा लेप दिला, पुन्हा घासली, पाणी मारून घासली. पद्मजाच्या खोलीत पांढरी धूळ साचली. उंबऱ्याशी ठेवलेली पिशवी पांढरी झाली.

दस्तगीर आला. त्याच्या कपाळावरच्या खळग्यात आता पेन्सिलीचा तुकडा अडकवलेला होता.

"वैनी दिसंनात," तो म्हणाला.

"आत हाईत."

"अजून?"

दस्तगीर फटीशी वाकला. "वैनी, चहा घेणार?"

"अर्धा," आतून आवाज आला.

दस्तगीर सरळ उभा राहिला. गाडीभोवती एक फेरी मारली. सवयीने त्याचा तळहात पत्र्यावर होता. फेरी पुरी झाली तेव्हा त्याने हात काढून घेतला आणि पँटला पुसला.

"मिस्त्री, आता बास करा."

"हितं एक राहिलाय."

"कुठं?"

आदगोंडाने बोट ठेवलं. दस्तगीरने तिथे तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"व्हय," तो हळूच म्हणाला, आदगोंडाकडे न बघता. "असंल. पण ऱ्हाऊ द्या की एखादा."

दुपारी फोन वाजला. फळीवर, पान्यांच्या शेजारी ठेवलेला होता. पद्मजा होती.

"आप्पा, आईला द्या."

"काय झालं?"

"आईला द्या हो."

त्याने फोन फटीत टेकवला. पद्मजा काय बोलली ते त्याला ऐकू आलं नाही. कांचनचं ऐकू आलं. व्हय. कधीपास्नं? पाणी गेलं का? सासूबाई कुठं हाईत? घाबरू नको. भिंतीला धरून चाल. मी आलो. मी निघालो बघ.

मग ती त्याला म्हणाली, "दार उघडा आता. तीनची गाडी मिळंल."

तिचा आवाज चढलेला नव्हता. बाजारात जायचंय म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं.

"तार ओढ," तो म्हणाला.

आत तार सरकल्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला. उसवलेल्या कापडातून दोरा निघत जावा तसा.

"सगळी हातात आली," कांचन म्हणाली.

आदगोंडा दाराच्या बाजूला गेला आणि त्याने तळहात लावला. पत्रा थंड होता. त्याने पुढून मागे फिरवला, वरून खाली फिरवला. मग नखांनी. मग गाल लावून. आयुष्यात ज्या हाताला केसाएवढा उंचवटा सापडल्याशिवाय राहिला नाही, त्याला दार सापडेना.

दस्तगीरही पुढे आला. त्यानेही दोन्ही हात लावले.

"कुठल्या बाजूला हुतं?"

"ह्या."

"ह्या का त्या?"

"दोन्हीकडं होतं."

दोघे दोन बाजूंनी चाचपत राहिले. फटीतून पद्मजाचं कण्हणं बाहेर येत होतं, मधेच कांचनचं 'हां, हां, श्वास घे'.

"गॅसनं कापू," दस्तगीर म्हणाला.

"आत माणूस असताना?"

"मग?"

आदगोंडाने मोठी हातोडी घेतली. पत्रा सरळ करायची नव्हे, लोखंड तोडायची. सरळ केलेलं पुन्हा मोडायला त्याने आजवर हात उचलला नव्हता, आणि उचलताना त्याच्या खांद्याला ते कळलं. तरी त्याने उचलला.

"कांचन, लांब सरक. मोडतोय."

"सगळं?"

"सगळं."

"बघा बाई, एवढं केलेलं," ती म्हणाली. "बरं."

त्याने घाव घातला. ठक. हातोडी उलटी फिरून आली. पत्रा दबला नाही. घावाच्या बरोब्बर मागे डॉली होती.

"डॉली काढ."

"काढतो."

त्याने हातभर बाजूला घाव घातला. ठक. डॉली तिथे होती.

"काढ म्हणतोय न्हवं."

"मी काढतोयच हो. तुमचा हात वर गेला की माझा जातोय. आपला आपला जातोय."

"डोळे मीट."

"मिटल्यात. हितं आत काय दिसतंय व्हय मला?"

त्याने तिला चकवायचा प्रयत्न केला. वर दाखवून खाली मारलं. पुढे दाखवून पळत मागे गेला आणि तिथे मारलं. न बघता मारलं. हातोडी दस्तगीरच्या हातात दिली. दस्तगीरने दात आवळून एक घाव घातला, आणि डॉली जराशी उशिरा, पण आली.

"त्यास्नी सांगा, मनगट सैल ठेवा म्हणावं," आतून कांचन म्हणाली.

पत्रा प्रत्येक घावाला आणखी सरळ होत होता. जिथे तो थोडा वाकडा राहिला होता असं आता वाटत होतं, तिथेही तो सरळ होत होता. काचेच्या जागेची फट घावागणिक कमी झाली. फोन तिच्यात अडकायला लागला तेव्हा आदगोंडाने तो आत ढकलला. तो पडल्याचा आवाज आला नाही. कांचनने झेलला असणार. मग पद्मजाचं कण्हणं बाहेरून ऐकू येईनासं झालं आणि पत्र्यातून ऐकू यायला लागलं, सगळ्या पत्र्यातून, बोनेटपासून डिक्कीपर्यंत. गाडी त्या आवाजाने गरम झाली. दस्तगीर खाली बसला.

"मारू नका आता, मिस्त्री," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण थांबूबी नका."

पद्मजा आत एकदा मोठ्याने ओरडली. कांचन काहीतरी बोलली, त्याला कळलं नाही. त्याने कान लावला. कान कशालाच लागला नाही, इतका तो पत्रा गुळगुळीत झाला होता. त्याचा चेहरा त्यात दिसत होता, एकही खळगा नसलेला.

मग सगळं थांबलं. आणि त्या थांबण्याच्या आत कुठेतरी एक बारीक रडणं सुरू झालं. काही वेळ ते चाललं. मग तेही थांबलं, दूध मिळाल्यावर थांबतं तसं.

"कांचन?" आदगोंडा म्हणाला.

त्याने पत्र्याशी तोंड नेलं.

"काय झालं, मुलगा का मुलगी?"

फट राहिली नव्हती. त्याने गाडीभोवती फेरी मारली. तळहात कुठेच अडकला नाही, आणि फेरी कुठे पुरी झाली तेही त्याला कळलं नाही. दस्तगीर गुडघ्यांत डोकं घालून बसलेला दिसला, म्हणून तो थांबला. त्याने हातोडी दोन्ही हातांत घेतली. खांद्यापासून उचलली आणि सगळ्या अंगानिशी घातली.

ठक झालं, घावाच्या बरोब्बर मागे, नेहमीचं, जाणत्या हाताचं. आणि त्याला लागूनच आणखी एक. हलकं, अगदी नवख्या हाताचं, आणि जागा चुकलेली नव्हती.